हात बाजूने उचलताना खांद्यात कळ: शस्त्रक्रियेविना बरा झाला, तो क्रम

गुहागरला आमची कलमं आहेत. एप्रिलभर झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढले आणि उजवा खांदा धरला. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांत कळ, त्यापुढे कमी. रात्री त्या कुशीवर झोप नाही. तेल, शेक, गोळ्या, हात गळ्यात बांधणं, यात तीन महिने फुकट गेले.

फिजिओथेरपिस्टनी माझा हात स्वतः उचलला. पूर्ण वर गेला, म्हणजे फ्रोझन शोल्डर (सांधाच आखडणं) नाही. सोनोग्राफीत सुप्रास्पायनेटसचा, म्हणजे हात बाजूने उचलणाऱ्या खांद्यातल्या स्नायूचा, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) अर्धवट फाटलेला दिसला.

पहिले दोन आठवडे: कोपर 90 अंशांत वाकवून अंगाशी ठेवायचं, मनगटाची मागची बाजू शेजारच्या भिंतीवर दाबायची, 30 सेकंद, पाच वेळा. मग कोपर आणि बरगड्यांमध्ये पंचाची घडी धरून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, दहाचे तीन संच, दिवसाआड. सोडताना अगदी सावकाश. माझ्या मते खरा गुण इथेच आला. सहाव्या आठवड्यापासून अर्धा लिटरची बाटली, अंगठा वर, हात किंचित पुढे ठेवून खांद्यापर्यंतच उचलायची. दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखलं की वजन कमी. बाराव्या आठवड्यात विहिरीचं पाणी शेंदलं.

पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असेल, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर गाठा.