फिरायला नेलेल्या कुत्र्याने काही गिळलं? या चुका टाळा

पाऊस लागला की रस्त्याकडेला भाजक्या कणसांच्या गाड्या उभ्या राहतात आणि त्यांच्या आसपास दाणे खाऊन फेकलेली कणसं पडतात. त्यांना मीठ-लिंबाचा वास असतो. कुत्रा तिथून गुमान पुढे जाईल, अशी आशा धरू नये.

पहिली चूक तिथल्या तिथे होते. आपण ओरडतो, धावतो, जबड्यात हात घालतो. घास हिसकावणार हे कळताच कुत्रा तो न चावता अख्खा गिळतो. आमच्या लालीनं आंब्याची कोय अशीच गिळली होती, आणि तिच्यामागे धावणारी मीच होते. तेव्हापासून खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे असतात. ‘सोड’ म्हटलं की तोंडातलं टाकायचं आणि तुकडा घ्यायचा, हे घरी रोज खेळता खेळता शिकवलं. सवय लागेपर्यंत बाहेर जाळीचं मुसकं घातलं तरी त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: ‘शीमधून पडेल’ म्हणून वाट पाहणं. कणसाचा दांडा पचत नाही. तो कधीकधी कित्येक दिवस पोटात पडून राहतो, कुत्रा खातो-खेळतो, आणि मग दांडा आतड्यात सरकून अडकतो. एक्स-रेमध्येही तो नेहमी स्पष्ट दिसत नाही, सोनोग्राफी लागते. त्यामुळे काय गिळलं हे डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं. पोटात असेपर्यंत तो बाहेर काढायचे सोपे मार्ग असतात. आतड्यात अडकला की बहुधा ऑपरेशनच. वारंवार उलट्या, खाणं बंद, शी न होणं, पाठीला बाक काढून उभं राहणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका.

उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं अजूनही घरोघरी चालतं. कृपा करून हे करू नका. रक्तातलं सोडियम वाढून कुत्र्याला झटके येतात, जीवही जाऊ शकतो. टोकदार वस्तू किंवा अ‍ॅसिड गिळलं असेल तर उलटीनं अन्ननलिकेला दुसऱ्यांदा इजा होते. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

उंदराच्या औषधाचं तर आणखी वेगळं. काही औषधांत झिंक फॉस्फाईड असतं; ते पोटातल्या आम्लाशी मिसळलं की विषारी वायू तयार होतो. दूध-भात भरवला तर आम्ल वाढतं आणि वायूही. अशा कुत्र्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा, कारण त्याच्या उलटीतला वायू माणसालाही बाधतो. ब्रोमाडायोलोन या उंदराच्या दुसऱ्या औषधाचं उलट आहे. दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, आतल्या आत रक्तस्राव होतो. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उपाय आहे, पण तो वेळेत सुरू व्हायला हवा.

संक्रांतीनंतर मांजा. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असतं. नाडी ओढल्यावर लेंगा चुणतो तसं आतडं चुणतं आणि दोऱ्यानं चिरतं.

निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून वस्तू, गिळल्याची वेळ आणि कुत्र्याचं वजन सांगा. औषधाचं पाकीट सापडलं तर फाटकं का असेना, बरोबर न्या.