बडोद्यात बसून मेट्सची बेसबॉल कार्डं कशी जमवायची

बेसबॉल कार्डं, म्हणजे पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याचे आकडे छापलेली छोटी कार्डं, म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कुठलं कार्ड किती लाखाला जातं. एका टीमची कार्डं जमवणाऱ्यानं हा प्रश्न बाजूला ठेवावा. आपलं काम यादी पुरी करणं, म्हणजे ज्या राखीव कॅचरला कोणी विचारत नाही, ज्याचं कार्ड दुकानदार मूठभरानं देऊन टाकतात, ते कार्ड आपल्याला स्टारच्या कार्डाइतकंच हवं असतं, आणि म्हणूनच हा छंद स्वस्तात होतो आणि बडोद्यासारख्या गावातून, जिथे बेसबॉल कार्ड विकणारं दुकानच नाही, तिथूनही आरामात होतो.

टीम कुठलीही घ्या पण खरी आवडती घ्या. माझी न्यूयॉर्क मेट्स, कारण माझा आत्येभाऊ आधी क्वीन्समध्ये राहायचा, जॅक्सन हाइट्सला, तिथून सात नंबरची ट्रेन सरळ स्टेडियमला जाते, आणि त्याच्यामुळे मला हे वेड लागलं. उन्हाळ्यात तिकडची संध्याकाळी ७:१० ची मॅच आपल्याकडे पहाटे ४:४० ला सुरू होते, घरात बाकी कोणी उठायच्या आत तीन-चार इनिंग्ज बघून होतात. मॅच बघत राहा, नाहीतर कार्डावरचं नाव नुसतं नाव राहतं.

आता पहिलं काम, हद्द ठरवा. खरेदीच्या आधी, कागदावर लिहून. मेट्स १९६२ पासून आहेत आणि एकट्या टॉप्स कंपनीनेच दरवर्षी इतकी वेगवेगळी कार्डं काढलीत की सगळं हवं म्हणालात तर आयुष्य पुरणार नाही. माझं मत विचाराल तर फक्त टॉप्सचा मुख्य सेट, म्हणजे त्या वर्षाची नंबर घातलेली मुख्य मालिका, धरा, आणि फक्त बेस कार्डं, म्हणजे साधी. १९८१ पर्यंत तसंही टॉप्सशिवाय फारसं कोणी नव्हतं, त्या वर्षी फ्लिअर आणि डॉनरस या कंपन्या आल्या, मग १९८८ ला स्कोअर, १९८९ ला अपर डेक. हे नंतर हवं तर जोडा. दुसरा नियम ठरवायचा तो खेळाडूंचा. टॉम सीव्हर हा मेट्सचा सगळ्यात मोठा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पण जून १९७७ मध्ये त्याला सिनसिनाटी रेड्सला देऊन टाकलं, १९८३ ला तो परत आला, मग मधली रेड्सच्या कपड्यातली कार्डं घ्यायची का नाही? मी घेत नाही. कार्डावर मेट्स लिहिलेलं असेल तरच घ्यायचं. दुसरा पिचर नोलन रायन १९७२ च्या कार्डावर एंजल्स टीमचा झालेला आहे, तिथे माझ्यापुरता तो संपला. तुमचा नियम वेगळा असू शकतो पण नियम हवा, नाहीतर प्रत्येक कार्ड बघून मन फिरतं आणि पैसे जातात.

सुरुवात कुठून करायची हे मी अगदी ठामपणे सांगतो, १९८७ च्या टॉप्सपासून. कारण असं की ८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत कार्डांचं वेड इतकं वाढलं की कंपन्यांनी वाट्टेल तेवढी छापली, लोकांनी पुढे किंमत येईल म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर टाकली, आणि सगळ्यांकडेच असल्यामुळे किंमत कधी आलीच नाही. ज्यांनी गुंतवणूक म्हणून घेतली त्यांचं नुकसान झालं, पण आपल्यासाठी ही पर्वणी, कारण मेट्सची सगळ्यात दणदणीत टीम नेमकी त्याच काळातली. १९८६ ला १०८ मॅच जिंकल्या आणि बोस्टन रेड सॉक्सला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, घेतली, तीच सिरीज जिच्या सहाव्या मॅचमध्ये मूकी विल्सनने मारलेला साधा जमिनीवरचा बॉल रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायातून निघून गेला आणि मेट्सच्या रे नाइटने धावत जिंकण्याचा रन पुरा केला. गुडन, स्ट्रॉबेरी, गॅरी कार्टर, कीथ हर्नांडेझ, डार्लिंग, ओरोस्को, ही सगळी मंडळी अगदी किरकोळ पैशात मिळतात.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. कार्डाच्या मागे जे आकडे असतात ते आदल्या वर्षापर्यंतचे असतात, कारण सेट सीझनच्या सुरुवातीलाच छापून येतो. म्हणजे १९८६ च्या विजेत्या टीमचे आकडे हवे असतील तर १९८६ चा नाही, १९८७ चा सेट घ्यायचा. त्यात एकूण ७९२ कार्डं, तेव्हा टीम होत्या २६, म्हणजे एका टीमच्या वाट्याला साधारण तीसेक येतात. एवढी यादी पुरी करता येते, आणि पहिली यादी पुरी होणं फार महत्त्वाचं आहे, त्यानंतर माणूस हा छंद सोडत नाही. शिवाय ती कार्डं दिसतातही सुंदर, कडेला लाकडाच्या रेषा असलेली चौकट, आणि ही चौकट १९६२ च्या टॉप्सवरून घेतलेली, म्हणजे मेट्सचं पहिलं वर्ष आणि विजेती टीम दोन्ही लाकडी चौकटीत. दोन्ही शेजारी लावून बघा.

बेस सेट झाला की ट्रेडेड सेट. १९८१ पासून टॉप्सने दरवर्षी सीझनच्या शेवटी १३२ कार्डांचा छोटा सेट काढायला सुरुवात केली, मधल्या काळात टीम बदललेले आणि नव्याने आलेले खेळाडू त्यात. गॅरी कार्टर डिसेंबर १९८४ मध्ये मॉन्ट्रियल एक्स्पोजकडून मेट्सकडे आला, तोवर उशीर झालेला, म्हणून १९८५ च्या मुख्य सेटमध्ये तो एक्स्पोजचाच आहे आणि मेट्सचा कार्टर हवा तर त्या वर्षीचा ट्रेडेड बघावा लागतो. हे माहीत नसलं तर माणूस मुख्य सेटमध्ये शोधत बसतो.

आता जुनी कार्डं. इथे खिसा सांभाळायचा. १९६२ ची मला फार प्रिय आहेत, टीम नवीन, फोटो काढायला मेट्सची टोपी घातलेला खेळाडूच नाही, म्हणून बरेच जण बिनटोपीचे किंवा जुन्या टोपीवरचं चिन्ह पुसून छापलेत. टीमने त्या वर्षी १२० मॅच हरल्या. पण त्यातच गिल हॉजेसचं कार्ड आहे, आणि हाच हॉजेस १९६९ ला मॅनेजर म्हणून हीच टीम वर्ल्ड सिरीज जिंकून देतो, त्या सिरीजची खास कार्डं १९७० च्या सेटमध्ये ३०५ ते ३१० नंबरला आहेत, ती जरूर घ्या.

जुन्या सेटमध्ये नंबर बघायची सवय लावा. १९७३ पर्यंत टॉप्स एकदम सगळा सेट काढत नसे, उन्हाळाभर थोडी थोडी कार्डं यायची, आणि शेवटची खेप येईपर्यंत पोरांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे गेलेलं, दुकानदारही कमी मागवायचे, म्हणून मोठ्या नंबरची कार्डं कमी उरली आणि महाग आहेत. १९६७ मध्ये ५३४ पासून पुढे ही खेप सुरू होते आणि सीव्हरचं पहिलं कार्ड ५८१ नंबरचं, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी महाग. रायनचं पहिलं कार्ड १९६८ चं १७७ नंबर, त्यावर तो जेरी कूझमनबरोबर आहे, तेही महाग. ही दोन कार्डं यादीत सगळ्यात शेवटी ठेवा, आणि घ्यायचीच झाली तर कोपरे झिजलेलं, मधे घडी पडलेलं घ्या, ते बऱ्याच कमी पैशात येतं आणि अल्बममध्ये जागा तेवढीच भरते. या दोघांची नकली आणि रीप्रिंट कार्डं भरपूर फिरतात, म्हणून पीएसए किंवा एसजीसी या कार्ड तपासणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकमध्ये बंद केलेलंच घ्यायचं. बाकी ८० च्या दशकातल्या साध्या कार्डांना ग्रेडिंगला, म्हणजे अशा तपासणीला, पाठवण्यात काही अर्थ नाही, कार्डापेक्षा फी जास्त.

नव्या कार्डांचं थोडक्यात सांगतो. टॉप्सचा मुख्य सेट सिरीज वन, सिरीज टू आणि अपडेट असा तीन भागांत येतो. २००६ पासून नव्या खेळाडूच्या पहिल्या कार्डावर आरसी, म्हणजे रूकी कार्ड, असा शिक्का असतो, पीट अलोन्सोचं तसं कार्ड २०१९ च्या सिरीज टूमध्ये आहे. त्याच कार्डाचे सोनेरी, रंगीत, नंबर घातलेले शेकडो प्रकार येतात त्यांना पॅरलल म्हणतात, त्यांच्या मागे लागू नका. फक्त आत्ताची टीम हवी असेल तर टॉप्स प्रत्येक टीमचं १७ कार्डांचं तयार पाकीट विकतं, लहान मुलांना भेट द्यायला ते उत्तम.

आणि कृपा करून सीलबंद पाकिटं फोडत बसू नका. हिशोब सोपा आहे, टीम ३०, म्हणजे १२ कार्डांच्या पाकिटात आपल्या टीमचं कार्ड सरासरी अर्धंसुद्धा येत नाही, दोन-अडीच पाकिटांमागे एक, तेही कदाचित आधीच असलेलं. ऑनलाइन ब्रेक नावाचा प्रकार असतो, कोणीतरी लाइव्ह खोकी फोडतो आणि तुम्ही तुमच्या टीमच्या कार्डांचे पैसे आधी भरता, त्यात नशिबाचा भाग फार. तुम्हाला नेमकं कुठलं कार्ड हवंय ते माहीत आहे, तर ते सुटंच घ्या.

ते माहीत असण्यासाठी चेकलिस्ट लागते. ट्रेडिंग कार्ड डेटाबेस नावाची साइट आहे, तिथे वर्ष आणि टीम निवडली की पूर्ण यादी येते, फुकट, आणि आपल्याकडे काय आहे काय नाही तेही नोंदवता येतं. तरी मी एक यादी वहीत हातानेही ठेवतो. आपल्या गावाला याद्यांचं वळण जुनंच आहे, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर लायब्ररी उभ्या केल्या, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी अजून आहे, तिथे एकदा जाऊन पुस्तकं कशी लावलीत ते बघा, कार्डं लावतानाही तीच शिस्त कामाला येते, आधी वर्ष मग नंबर.

खरेदीला तीन ठिकाणं, तिन्ही वेबसाइट. साधी सुटी कार्डं स्पोर्टलॉट्सवर सगळ्यात स्वस्त. सीओएमसीवर वेगवेगळ्या लोकांची कार्डं घेऊन त्यांच्याकडेच साठवून ठेवता येतात आणि पुरेशी झाली की एकदम मागवता येतात, आपल्यासारख्या लांबच्या माणसाला ही सोय फार मोठी, कारण कार्डापेक्षा टपालच महाग पडतं. ईबेवर टीम लॉट, म्हणजे एका टीमची एकगठ्ठा कार्डं, शोधा, पण भाव ठरवताना विकायला लावलेली किंमत बघू नका, सोल्ड आयटम्सवर टिक करा, तिथे खरा भाव कळतो.

परदेशातून आलेल्या पार्सलवर कस्टम ड्युटी लागते, भेट म्हणून लिहिलं तरी लागते, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. म्हणून थोडी थोडी मागवू नका. सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे नातेवाईक, आणि बडोद्यात ज्याचं कोणी न्यू जर्सीला नाही असं घर शोधावं लागेल. माझी कार्डं आत्येभावाच्या पत्त्यावर जातात, तो आता न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, दिवाळीत किंवा लग्नाच्या सीझनमध्ये कोणी ना कोणी येतंच, त्यांच्याबरोबर येतात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या, डबा हातातल्या बॅगेत ठेवा, आणि रबरबँड लावू नका, कडा दबतात.

ठेवायचं कसं हे नीट वाचा. १९५७ पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचाचं आहे, पोकेमॉनचं कार्डही जवळजवळ तेवढंच, त्यामुळे पोकेमॉनसाठी आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट) आणि नऊ खणांच्या शीट चालतात, अमेरिकेहून मागवायची गरज नाही. शीट घेताना पीव्हीसी नसलेली घ्या, स्टेशनरीच्या दुकानातल्या स्वस्त चिकट प्लास्टिकला उन्हाळ्यात शाई धरते. आधी स्लीव्ह मग टॉपलोडर, नुसत्या टॉपलोडरमध्ये कार्ड घासतं. आणि लॅमिनेशन अजिबात नाही! घरातली मोठी माणसं मायेनं सांगतील, दांडिया बाजारात नेऊन लॅमिनेट करून आण म्हणजे टिकेल, त्यांना प्रेमानं नाही म्हणा, एकदा लॅमिनेट झालं की ते कार्ड गेलं.

पावसाळा हा खरा शत्रू. हवा दमट झाली की कार्डं वाकतात आणि कसर लागते. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्यात बदलायच्या किंवा रंग बदलणाऱ्या असतील तर तापवून परत वापरायच्या, आणि डांबरगोळ्या मात्र कार्डांजवळ नकोत. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर तिथेही नको. तळमजल्यावर राहत असाल तर सगळ्यात वरचा कप्पा कार्डांचा, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचा विषय ड्युप्लिकेट कार्डांचा. लॉट घेतला की दोन-दोन, तीन-तीन येतातच. फेकू नका, ट्रेडिंग कार्ड डेटाबेसवर अदलाबदलीला लावा, दुसऱ्या टीमवाल्यांशी कायमची जोडी जमवा. माझ्या आत्येभावाचा मुलगा यँकीजवाला, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा, आहे, तो नवीन पाकिटं फोडतो, मेट्स निघाले की माझ्यासाठी बाजूला ठेवतो, माझ्या लॉटमध्ये आलेले यँकीज त्याच्या डब्यात जातात, आणि हिशोब त्याच्या बाजूला झुकला की इथून जाणाऱ्याबरोबर लीलो चिवडो पाठवतो. अदलाबदल करताना किंमत नाही, गरज बघा, त्याला जे कार्ड हवंय ते तुमच्याकडे जादा आहे, एवढं पुरे.