निफाडच्या थंडीत सकाळी सव्वासहाला घर सोडताना

यंदा आमच्या शाळेत दोन नव्या शिक्षिका रुजू झाल्या. एक मालवणची, एक नांदेडची. नोव्हेंबर संपता संपता दोघीही पहिल्या तासाला कुडकुडत उभ्या असायच्या आणि बाराच्या सुमाराला घामाघूम. दोघींच्या अंगात एकेक जाडजूड जॅकेट, आत नेहमीची साडी, पायात चपला. मधल्या सुट्टीत त्यांना जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते आहे, कारण मी स्वतः चिपळूणची. २००४ साली लग्न होऊन निफाड तालुक्यात आले तेव्हा माझ्याकडे एक शाल आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर एवढंच होतं. चिपळुणात तेवढ्यावर जन्म निघतो.

आधी इथली थंडी समजून घ्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान हिवाळ्यात पेपरात येत असतं. ते पाच-सहा अंशांवर उतरलं की सगळ्या राज्यात बातमी होते. पण त्याच दिवशी दुपारी पारा सत्तावीस-अठ्ठावीसला टेकलेला असतो, हे बातमीत कोणी सांगत नाही. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्याने दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून निवते, आणि दिवस उगवायच्या सुमाराला गारठा सगळ्यात जास्त असतो. सकाळची शाळा असणाऱ्यांची निघायची वेळ नेमकी तीच. म्हणजे एकाच दिवसात दोन ऋतू काढायचे आहेत. जाड जॅकेटचं इथेच अडतं. ते एकतर अंगात असतं, नाहीतर खुर्चीच्या पाठीवर. नऊ वाजता जेवढी ऊब हवी असते तेवढी त्याला देता येत नाही.

माझ्या सासूबाईंची गोधडी हातात घेऊन बघितली तेव्हा मला हे उमगलं. सात-आठ जुनी लुगडी एकावर एक घालून टाके भरलेले. एकेक लुगडं सुटं घेतलं तर त्यात काही ऊब नाही, पण थरांच्या मध्ये हवा अडकते आणि अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. अंगावरचे कपडेही तसेच घाला. पातळ, पण तीन-चार. वाटेल तसे एकेक उतरवता आले पाहिजेत.

साडी नेसणाऱ्यांसाठी माझा रोजचा क्रम असा. सगळ्यात आत अंगाला बसणारा पातळ इनर, पुढून खोल गळ्याचा, म्हणजे ब्लाउजमधून डोकावत नाही. त्यावर ब्लाउज. आता इनरवर नेहमीचा ब्लाउज घातला तर काखेत आवळतो आणि फळ्यावर लिहायला हात उचलला की शिवण उसवते. म्हणून दिवाळीनंतर शिंप्याकडून चार ब्लाउजच्या बाजूच्या दाबातली अर्धा-अर्धा इंच शिवण सोडवून घ्या. नवे शिवणार असाल तर एक-दोन पूर्ण बाह्यांचे शिवा, त्यांच्यावर एक स्वेटर कमी लागतो. परकराच्या आत वुलन लेगिंग हवीच. साडीचा घेर खालून उघडा असतो, स्कूटरवर सगळा वारा तिथून आत शिरतो. वर कितीही चढवलं तरी काकडायला का होतं, याचं कारण पुष्कळ वेळा हेच असतं.

साडी शक्यतो सुती किंवा जरा जाडसर घ्या. शिफॉन-जॉर्जेट हिवाळ्यात कपाटात ठेवा. पदराच्या निऱ्या खांद्यावर पिनेने पक्क्या करा, उरलेला पदर कमरेला गुंडाळून खोचून टाका आणि मग त्यावर स्वेटर. स्वेटर पुढून बटणांचा. डोक्यातून घालायचा स्वेटर काढताना पिना निघतात, वेणी विस्कटते, आणि वर्गात पस्तीस मुलं बघत असताना ते करणं बरं दिसत नाही. पदर मोकळा सोडून गाडीवर कधीच बसू नका, ओढणीचंही तेच. चाकात अडकलेल्या पदराने झालेले अपघात मी दोन पाहिले आहेत.

आणि सगळ्यात वर वाऱ्यासाठी काहीतरी. हे सगळ्यात महत्त्वाचं. लोकरीचा स्वेटर कितीही चांगला असला तरी त्याच्या विणीतून वारा आरपार जातो, आणि चाळीसच्या वेगाने गाडी चालवली की तीच थंडी कितीतरी जास्त बोचते. साधा पातळ विंडचीटर, पावसाळ्यातला सुद्धा चालतो. त्याची घडी मुठीएवढी होते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात माझ्याजवळ तो नव्हता. शाल गुंडाळून निघाले आणि निम्म्या वाटेवर बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबला जातोय की नाही ते कळेना. रस्त्याकडेच्या द्राक्षबागेत शेकोटी पेटलेली होती, गारठ्याने घडातले मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेतून अशा शेकोट्या करतात. तिथे थांबले. तिथल्या आजींनी हात शेकू दिले, मग शेतातला जुना पेपर उचलला आणि म्हणाल्या, "पोरी, हा छातीवर घाल आन् वरून शाल बांध." पुढचा रस्ता खरोखर सुसह्य झाला. अजूनही डिकीत मी एक पेपर ठेवते. विंडचीटर विसरला तर स्वेटरच्या आत, पुढच्या बाजूला दुहेरी घडी करून घालायचा.

गळा, मनगटं आणि घोटे या तीन जागा उघड्या राहिल्या तर बाकीचं सगळं वाया. गळ्याला मफलर लांबलचक नको, त्याचंही टोक उडतं. दोन वेढे बसतील एवढाच, टोकं विंडचीटरच्या आत. हातमोजे विणलेले घेतले तर वारा लागतोच, म्हणून वरून रेक्झिनचे आणि आत पातळ सुती, असे दोन. मोज्याची कड बाहीच्या आत गेली पाहिजे. पायात बंद बूट आणि पोटरीपर्यंतचे मोजे. पण बूट घट्ट होतील इतके जाड मोजे घालू नका, पाय दाबला गेला की उलट जास्त गार पडतो. चपला मी शाळेतल्या कपाटात ठेवते, पोचल्यावर बदलते. चपलाच घालायच्या असतील तर अंगठ्याचे मोजे मिळतात, पण पहाटेच्या गाडीला ते पुरत नाहीत.

हेल्मेटच्या आत कानटोपी घालायचा मोह होतो. जाड कानटोपीने हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, वर उचललेलं राहतं, आणि वेळेला ते उपयोगी पडणार नाही. पातळ सुती स्कार्फ कानांवरून घट्ट बांधा आणि त्यावर हेल्मेट. काच खाली केली की तेवढ्याने भागतं. श्वासाने काचेवर वाफ धरते, तेव्हा स्कार्फ नाकाच्या खाली ठेवा.

उतरवण्याचाही क्रम ठरलेला असू द्या. शाळेत पोचल्यावर विंडचीटर, हातमोजे, मफलर. आठ-सव्वाआठला ऊन वर्गाच्या दारात येतं, तरी स्वेटर असू द्या, कारण दगडी भिंती अजून गार असतात. साडेनऊला स्वेटरची बटणं सोडायची, दहाला स्वेटर काढायचा. घाम यायच्या आधी काढायचा, हे लक्षात ठेवा. सुती कापड घाम पिऊन ओलं राहतं आणि सावलीत गेलात की तेच ओलं कापड अंगाला गार लागतं. आपल्याकडे होणाऱ्या सर्दी-खोकल्यासाठी लोक थंडीला नावं ठेवतात; मला मात्र हा दुपारचा ओला इनर सोसत नाही. साडेबाराला घरी निघताना अंगात फक्त इनर, ब्लाउज आणि साडी. सगळं एका कापडी पिशवीत मावतं.

पालकांनाही एक कळकळीची विनंती. लेकराला एकच भलंमोठं जाकीट घालून पाठवू नका. मधल्या सुट्टीत ते पळणार, घामेजणार, जाकीट मैदानावर टाकणार आणि ओल्या सदऱ्याने सावलीत बसणार. गणवेशाच्या आत एक इनर, वर शाळेचा स्वेटर, आणि कानटोपी. घरची परिस्थिती बेताची असेल तर आत मोठ्या भावाचा जुना बनियन सुद्धा चालतो. दोन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा जास्त ऊब धरतात. ज्या मुलाकडे स्वेटरच नाही त्याच्यासाठी आम्ही शिक्षक दिवाळीतच जुने स्वेटर गोळा करतो, मुलांच्या देखत न देता.

रात्रीची वीज असेल तेव्हा बागेला पाणी द्यायला जाणाऱ्यांचं वेगळं आहे. तिथे पाय ओले होतात, आणि ओल्या पायाला कुठलाच स्वेटर वाचवू शकत नाही. गमबूट, त्यात लोकरीचे मोजे, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत खिशात. आमचे सासरे, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, अजूनही बंडीवर स्वेटर आणि त्यावर घोंगडीची खोळ घेऊनच मळ्यात जातात. धनगरी लोकरीचं घोंगडं अंगाला टोचतं, पण दवाने भिजलं तरी ऊब सोडत नाही. सुती चादरीला ते जमत नाही.

खरेदी कुठे करायची, असं दोघींनीही विचारलं. नाशिकला शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजारात जा, शक्य तर डिसेंबर उजाडायच्या आत, मापं आणि रंग तेव्हा मिळतात. तिथला पुष्कळ माल लुधियानाचा असतो. स्वेटर हातात घेऊन उजेडाकडे धरा, विणीतून समोरचं दिसलं तर ठेवून द्या. लेबल वाचा, बरेचसे स्वेटर नुसते ॲक्रिलिकचे असतात. ते वाईट नाहीत, धुवायला सोपे असतात, फक्त आपल्या कोरड्या हवेत काढताना कडकड ठिणग्या उडतात. एक तरी खऱ्या लोकरीचा घ्या, महाग पडला तरी दहा वर्षं जातो. रंग गडद घ्या. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची आपली रीत आहेच, काळं कापड ऊन धरून ठेवतं.

धुताना लोकर गार पाण्यात, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी पसरायची. दोरीवर टांगलात की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. होळी झाली की सगळं एकदा कडक उन्हात घालून, वाळलेला कडुनिंबाचा पाला सुती कापडात बांधून त्याच्यासोबत पेटीत ठेवा. विंडचीटर मात्र पेटीत टाकू नका, जूनमध्ये लागतो.