ऑइलची पातळी पाहण्यापूर्वीची तयारी

मोटारसायकलच्या इंजिनमधील ऑइलची पातळी तपासणे हे काही मिनिटांचेच काम असले, तरी गाडी कशी उभी आहे आणि इंजिन बंद होऊन किती वेळ झाला आहे, या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर डिपस्टिक (ऑइलमध्ये बुडवून पातळी मोजायची खुणांची पट्टी) बेधडक खोटे सांगते. म्हणून टोपण उघडण्यापूर्वी गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका उघडावी. आपल्या गाडीला डिपस्टिक आहे की इंजिनच्या बाजूला पातळी दाखवणारी गोल काच आहे, डिपस्टिक मोजताना आटे फिरवून घट्ट बसवायची की नुसती टेकवायची, आणि ऑइल कोणत्या ग्रेडचे लागते, एवढे त्यातून पाहून ठेवावे. आट्यांचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण नुसती टेकवायची डिपस्टिक पूर्ण फिरवून बसवली तर ती ऑइलमध्ये अधिक खोल बुडते आणि कमी असलेले ऑइलही पुरेसे भासते.

हाताशी धागे न सुटणारे स्वच्छ फडके, लहान टॉर्च, नरसाळे आणि योग्य ग्रेडचे थोडे ऑइल असावे. ज्या मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो (बहुतेकींचा तसाच असतो), त्यांच्यासाठी डब्यावर जासो या जपानी मानकाचा एमए किंवा एमए२ हा उल्लेख पाहून घ्यावा. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यामुळे क्लच घसरू शकतो.

जागा सपाट हवी आणि गाडी मेन स्टँडवर सरळ उभी हवी. साइड स्टँडवर गाडी सहसा डावीकडे कलते, त्यामुळे उजव्या बाजूच्या काचेत ऑइल प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, आणि ही दिसणारी तूट भरून काढण्याच्या नादात इंजिनमध्ये जास्तीचे ऑइल जाते. मेन स्टँड नसेल तर एकाने गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्याने खाली बसून, डोळे काचेच्या रेषेत आणून पाहावे. हे एकट्याने करण्याचा अट्टहास नको. गाडी आडवी होते.

बहुतेक गाड्यांत इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे आणि वर चढलेले ऑइल तळाशी उतरेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. पुस्तिकेत वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळावी. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या ड्राय संप इंजिनांत मात्र गाडी बराच काळ उभी राहिली की टाकीतले ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचात, झिरपू शकते, म्हणून त्यांची पातळी इंजिन तापवून, बंद केल्यावर फार वेळ न घालवता पाहायची असते.

टोपणाभोवतीची धूळ आधी पुसावी, नाहीतर ती थेट आत पडते. डिपस्टिक काढून कोरडी पुसावी, सांगितलेल्या पद्धतीने पुन्हा घालावी आणि मगच वाचावी, कारण पहिल्यांदा बाहेर आलेल्या डिपस्टिकवर ऑइल वरपर्यंत माखलेले असते. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये ऑइल असले की पातळी ठीक आहे. वाचताना रंग आणि वासही पाहावा. काळे पडलेले ऑइल एवढ्यावरून निकामी ठरत नाही. दुधी ऑइल म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे: फक्त टोपणाखाली दुधी साय दिसली तर थंडीत जवळच्या फेऱ्या केल्याने साचलेली वाफ हे कारण असू शकते, मात्र सगळेच ऑइल दुधी असेल आणि इंजिन लिक्विड कूल्ड असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत शिरत असल्याची शक्यता धरून गाडी चालवू नये. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, विशेषतः कार्ब्युरेटरच्या गाडीत, तर पेट्रोल आत गळत असावे. अशा वेळी पातळी वर चढलेली दिसली तरी समाधान मानू नये.

कमी असल्यास नरसाळ्याने साधारण पन्नास मिलिलिटर ऑइल घालावे, ते खाली उतरू द्यावे, पुन्हा मोजावे, आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये. जास्तीचे ऑइल फेसाळते, ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोहोचते आणि सीलवर ताण आणते. असे झालेच तर जास्तीचे काढून टाकणे हाच उपाय आहे. शेवटी टोपणाची रबरी रिंग जागेवर आहे ना ते पाहून टोपण हाताने घट्ट करावे, सांडलेले ऑइल पुसावे, विशेषतः टायरवर आणि सायलेन्सरवर पडलेले, आणि इंजिन क्षणभर चालवून इंजिनच्या तळाशी ऑइल काढण्यासाठी असलेल्या ड्रेन बोल्टपाशी ओल दिसते का ते पाहावे.