ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीत माणूस उतरवण्याआधी

माणूस उतरवायची खरंच गरज आहे का, हे आधी ठरवा. सक्शन टँकर लावून आणि बाहेरून पाण्याचा जेट मारून बहुतेक गाळ निघतो. तळाला जो थर उरेल तेवढ्यासाठीच माणूस.

हेल्मेट, गमबूट, हातमोजे: सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

टाकीत येणाऱ्या लाइनचा नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, जुने व्हॉल्व्ह पासिंग असतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. फ्लँज (पाइपचा जोड) उघडून ब्लाइंड, म्हणजे भोक नसलेली चकती, टाका. मिक्सर आणि पंपाचे आयसोलेटर (वीज तोडणारे स्विच) बंद करून कुलूप लावा, किल्ली उतरणाऱ्याकडे द्या. ॲसिडची डोसिंग लाइन बारीक असते म्हणून नजरेतून सुटते. सल्फाइडवाल्या गाळात ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड भसकन सुटतो.

डिटेक्टर चार गॅसचा, पंप आणि नळीवाला. त्याच दिवशी बंप टेस्ट करा, म्हणजे थोडा चाचणीचा गॅस देऊन सेन्सर जागा होतो का ते बघा. मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. झाकणापाशी, मध्यावर आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा. हवा नळीतून वर यायला वेळ लागतो, दोन मिनिटं थांबा. आधी ऑक्सिजन बघा, कारण तो कमी असेल तर एलईएलचा (ज्वलनशील गॅस पेट घेण्याच्या किमान पातळीच्या किती टक्के आहे, त्याचा) आकडा भरवशाचा राहत नाही. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, एलईएल 10 टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या खाली. वासावर विसंबू नका. कुजक्या अंड्यांचा वास 100 पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वेळी नेमकी हीच राहिली होती, म्हणून पुन्हा पुन्हा लिहितोय. झाकण उघडून घेतलेलं रीडिंग गाळावरच्या हवेचं असतं. गॅस गाळाच्या आत, साईखाली अडकून बसलेला असतो. माणूस उतरतो, पाय रुततो, फावडं घालतो आणि तो गॅस थेट त्याच्या तोंडाशी सुटतो. म्हणून लांब बांबूने किंवा जेटने गाळ बाहेरूनच ढवळा, आणि मग तळाचं रीडिंग घ्या. गाळ हलला की रीडिंग. परमिटवर (उतरण्याच्या लेखी परवानगीवर) ‘ढवळल्यानंतरचं रीडिंग’ असा वेगळा रकाना काढा. तो कोरा असेल तर सही करू नका, कंत्राटदार कितीही घाई करो.

ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा. वर लटकलेला पाइप वरचीच हवा फिरवतो. ब्लोअरचं तोंड टँकरच्या धुरापासून लांब ठेवा. हवा ताजी करायला ऑक्सिजन सिलिंडर उघडू नका, एका ठिणगीत आग भडकते. ब्लोअर बंद पडला तर माणूस वर, आणि चालू झाल्यावर पुन्हा रीडिंग. आतला दिवा 24 व्होल्टचा, फ्लेमप्रूफ. कापडी किंवा कार्ट्रिजचा मास्क ऑक्सिजन कमी असताना निरुपयोगी आहे. एअरलाइन (बाहेरून नळीने हवा देणारा मास्क) किंवा पाठीवरचा हवेचा सिलिंडर सेट हवा.

उतरणाऱ्याच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस, दोराचं टोक ट्रायपॉडच्या विंचला (तिपाईवरच्या, दोर गुंडाळणाऱ्या चरखीला). विंच नसेल तर काम नाही: बेशुद्ध माणूस मॅनहोलमधून दोघांना हातांनी ओढता येत नाही. आतल्याच्या कॉलरला दुसरा डिटेक्टर चालू ठेवा, कमरेला नको. तो वाकतो तेव्हा तोंड गाळाजवळ जातं. कारण तेच, गाळ हलतोय.

वरच्या माणसाला दुसरं कोणतंही काम देऊ नका, चहा आणायलाही पाठवू नका. आणि त्याला स्पष्ट बजावा: आतला पडला तरी तू उतरायचं नाहीस, विंच फिरवायची आणि हाका मारायच्या. एकामागोमाग दोघं-तिघं जातात ते याच उडीत. फॅक्टरी ॲक्ट, 1948 च्या कलम 36 मध्ये पट्टा, दोर आणि दोराचं टोक धरणारा बाहेरचा माणूस लिहिलेला होताच, यात नवीन काही नाही.

108 आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर परमिटवरच लिहा.

जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा रीडिंग, कारण गाळ तासभर बसलेला असतो. शिफ्ट बदलली, पुन्हा. जेट मारला, पुन्हा.

शेवटी माणसं मोजा, हत्यारं मोजा, झाकण लावा, मग ब्लाइंड काढा, कुलूप काढा, परमिट बंद करा. याच क्रमाने.