वाचलेलं अंगी लागावं म्हणून

लहानपणी आजी म्हणायची, या पोराच्या अंगी काही लागत नाही. ती जेवणाबद्दल बोलत होती. पुढे पंधरा-वीस वर्षं पुस्तकांच्या बाबतीतही माझं तेच झालं. वाचायचो भरपूर, वागायचो होतो तसाच. आता थोडंफार जमतं, म्हणून कसं करायचं ते सांगतो.

पुस्तक कुठून आणायचं हे सांगत बसत नाही. नाशिककराला तर ती सबबच नाही. सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० सालापासून आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत तर पुस्तकांची पेटीच वाचकांच्या दारात येऊन पडते.

निवडताना आत्मचरित्र, कादंबरी, प्रवासवर्णन, काहीही चालेल. फक्त मुखपृष्ठावर यशाच्या पायऱ्यांचा आकडा छापलेलं घेऊ नका. त्यात धडा आधीच सोलून, फोडी करून ठेवलेला असतो, आणि सोलायचं काम तर आपण करायचं असतं. कादंबरीतला माणूस चुकतो तेव्हा त्याचं नेमकं कुठे बिनसलं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. वर्षाला ५२ पुस्तकांचा संकल्प करणाऱ्यांच्या नादी लागू नका. मला वर्षाला आठ-नऊ पुरतात.

वाचताना खूण करायला चिठ्ठी घाला. मी सिटीलिंकची, म्हणजे आमच्या शहर बसची, तिकिटं वापरतो. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारू नका. समासात कोणीतरी ‘अगदी खरं!!’ लिहून ठेवलेलं असतं आणि पुढच्याचा विचार तिथेच बसकण मारतो.

खरी मेख पुस्तक मिटल्यावर आहे.

मी काय करायचो ते आधी ऐका. आवडलेली वाक्यं वहीत उतरवून घ्यायचो. वळणदार अक्षर, पुस्तकाचं नाव लाल शाईत. अशा अकरा वह्या भरल्या. नाशिकमध्येच, अंबडला एका कारखान्यात मी शिफ्ट सांभाळतो. एका रविवारी वहीत लिहिलं, ‘समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावे.’ मंगळवारी सेकंड शिफ्टला एक नवा पोरगा मशीन सोडून माझ्याकडे आला. “साहेब, आवाज वेगळा येतोय.” मी हातातल्या जॉबचं, म्हणजे मशीनवर घडवलेल्या भागाचं, व्हर्निअर या मापाच्या साधनाने माप घेत होतो. मान वर न करता म्हटलं, “बघतो नंतर, तू चालू ठेव.” इन्सर्टचं, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याचं, टोक उडालेलं होतं. मी बघायला गेलो तोवर चाळीसेक जॉब भंगारात. पोरगा काही बोलला नाही. घरी येऊन मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अक्षर खरंच छान होतं.

वाक्य उतरवण्यात हात चालतो, डोकं चालत नाही. म्हणून आता असं करतो. पुस्तक संपलं की एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि कोऱ्या पानावर आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं. वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत घाम फुटतो. तीनशे पानं वाचली आणि चार ओळी सुचत नाहीत, म्हणून हात पुस्तकाकडे जातो. जाऊ देऊ नका. याच ठिकाणी मी कितीतरी वेळा हरलोय. ‘फक्त नाव बघतो’ म्हणून पुस्तक उघडायचं आणि तासभर वाचत बसायचं, वर अभ्यास झाल्याचं समाधान.

हे समाधान फसवं आहे, याला पुरावाही आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने तोच उतारा चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकच पाळी वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. आपण सगळे त्या पाच मिनिटांवर खूश होऊन पुस्तक परत करतो.

जे आठवलं त्यातलं मनाला लागलेलं एकच घ्या आणि त्याखाली लिहा : हे माझ्याकडे कधी घडलं? वार, जागा, माणूस, आपण काय बोललो. ‘मी रागीट आहे’ हे चालणार नाही, तो नुसता शेरा झाला. ‘मंगळवार, तिसरं मशीन, पोरगा उभा होता, मी मान वर केली नाही’ असं लिहा. लिहिताना आपलीच बाजू घ्यावीशी वाटेल. त्या दिवशी डिस्पॅच होता, डोकं दुखत होतं वगैरे. ते खरं असलं तरी खोडा.

मग शेवटचं वाक्य. यात ‘पाहिजे’ आणि ‘प्रयत्न करीन’ हे शब्द येता कामा नयेत. अमुक झालं की तमुक करायचं, एवढंच. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हेच मांडलं होतं : नुसत्या इराद्यापेक्षा, कधी, कुठे आणि काय करायचं हे आधी बांधून ठेवलेला इरादा पार पडण्याची शक्यता जास्त. माझं वाक्य असं झालं : ‘पोरगा मशीनकडून माझ्याकडे चालत आला की आधी हातातला व्हर्निअर टेबलावर ठेवायचा.’ ऐकायचं वगैरे काही लिहिलं नाही. पण हात रिकामा झाला की मान आपोआप वर होते. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा विसरलो. नंतर पोरंच थांबायला लागली, व्हर्निअर खाली जाईपर्यंत.

एका पुस्तकाचं एकच वाक्य. दोन केलीत की दोन्ही जातात. आणि घरात जाहीर करू नका. मी एकदा बायकोला सांगून बसलो, तर पुढचे तीन महिने प्रत्येक भांडणात “हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?” ऐकावं लागलं.

ज्या पुस्तकातून असं वाक्य निघतच नाही, ते वाईट असतं असं नाही. मजा आली, संपलं. बळजबरीने रस काढायला गेलात तर वाचनाचाच कंटाळा येईल. माझ्या निम्म्याहून जास्त पुस्तकांतून काहीच निघत नाही.

पंधरा दिवसांनी वही उघडून बघा. काम होत नसेल तर वाक्य आणखी लहान करा. होत असेल तर पान उलटा.

पुस्तक आत्ता, या टप्प्यावर परत करा. त्याआधी एकदा पानं झटकून आतली तिकिटं काढून घ्या. सावानातल्या एका जाड चरित्रात मला माझीच पाच तिकिटं सापडली होती, दोन वर्षांपूर्वीची. आपण ते एकदा वाचून काढलंय, हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.