अडीच फुटांत पीजे

गोल रुळावर छोटी मॉडेल गाडी सोडायची आणि म्हणायचं "ही आपली पाचोरा-जामनेर", हे मला कधी पटलं नाही. पीजे ५६ किलोमीटर धावून जामनेरला जायची, स्वतःच्या शेपटीमागे नाही. २०२० मध्ये ती बंद पडली. मग दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातली छोटी गाडी आठवली, आवारात फेरी मारून चढलात तिथेच उतरवणारी. ठरवलं, पीजे म्युझियममध्ये आली असं धरायचं आणि त्या म्युझियमचा लूप करायचा. इथे गोल फिरणंच खरं, म्हणून गोल झाकायला बोगद्याची लपवाछपवी नको.

पीजेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. एचओ नावाच्या मॉडेल-मापात सगळं खऱ्याच्या ८७ व्या हिश्शाएवढं असतं. म्हणून ७६२ ला ८७ ने भागा, ८.७६ येतात. एन स्केल या आणखी लहान मापाचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे रूळ एनचा घ्यायचा आणि डबे, माणसं, झाडं एचओची, १:८७. माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. प्लाय चार बाय अडीच फुटांचा घेतला. मागाहून ध्यानात आलं, अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटरच! खऱ्या पीजेच्या दोन रुळांमध्ये माझं अख्खं म्युझियम मावतं.

वळणाची त्रिज्या २५० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना ४५० चा सरळ रूळ. ९१४ मिलिमीटरचे तीन फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हवे तसे वाकणारे रूळ, पुरतात. जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवाच. मी जानेवारीत रूळ घट्ट भिडवून ठोकले. मे महिन्यात पाचोऱ्याच्या उन्हाने एका वळणावर रूळ फुगून वर आला. सगळं उखडून परत. विजेच्या तारा रुळाला दोन ठिकाणी डाग देऊन जोडा, म्हणजे लांबच्या टोकाला गाडी रडत नाही.

खडीसाठी गिरणा नदीची वाळू चहाच्या गाळणीतून चाळली. तिच्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडच्या वाळूत काळे लोखंडी कण असतात. माझ्या चुंबकाला त्यांची चक्क दाढी आली. इंजिनाच्या मोटारीतही चुंबक असतो, तो हे कण ओढून घेतो. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा.

इंजिन तयार मिळणार नाही. एनची चेसिस, म्हणजे मोटार आणि चाकांचा सांगाडा, घ्या, वरचा खोका लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाचा. झाडांना पऱ्हाटीचे शेंडे, त्यावर रंगवलेला भुसा. सोपं काम आहे, नातवावर सोपवलं.

वेग मात्र आवरा. ताशी १५ किलोमीटरचा भास हवा असेल तर एका फेरीला पन्नासेक सेकंद लागले पाहिजेत. नातू बटण पिळून बारा सेकंदांत फेरी उरकतो आणि वर विचारतो, "आबा, गाडी कथा जाई राहिनी?" (कुठे चाललीय?) मी म्हणतो, "म्युझियममध्येच आहे रे, हळू घे."